डिप्रेशन आहे, पण कुठलं?

आमच्या हपिसात 'बायपोलर' हा शब्द फार स्वस्त झालाय. सकाळी पास होणारी आणि दुपारी नापास होणारी टेस्ट बायपोलर. सोमवारी पाठ थोपटून मंगळवारी झापणारा मॅनेजर बायपोलर. पुण्याचा पाऊस तर जन्मजात बायपोलर. शब्दांवर पहारा ठेवायची मला हौस नाही, आणि वीकांताला प्रवचन तर मुळीच द्यायचं नाही. पण हा एक शब्द वेळेवर न मिळाल्याने आमच्या घरातल्या एका माणसाची आठ वर्षं गेली. म्हणून आज त्याच्याबद्दल.

आधी एक गैरसमज दूर करू. बायपोलर म्हणजे तासातासाला मूड पालटणं नव्हे. सकाळी बायकोशी भांडण, दुपारी बिर्याणी खाऊन खूश आणि संध्याकाळी पुन्हा उदास, याला आयुष्य म्हणतात :) आजारातले चढउतार दिवसांचे, आठवड्यांचे, महिन्यांचे असतात. डॉक्टरांच्या व्याख्येत डिप्रेशन म्हणायला किमान दोन आठवडे उदासी किंवा कशातच रस नसणं, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, शक्ती, एकाग्रता यांची वाताहत लागते. याच्या उलट टोकाला असतो मॅनिया, म्हणजे उन्माद. तो किमान आठवडाभर टिकतो (दवाखान्यात भरती करायची वेळ आली तर दिवस मोजत बसत नाहीत). मॅनियाचा सौम्य धाकटा भाऊ म्हणजे हायपोमॅनिया. त्याला सलग चार दिवस पुरतात. त्या काळात माणूस कमी झोपतो पण थकत नाही, भराभर बोलतो, डोक्यात कल्पनांची रांग लागते, खिसा सैल सुटतो, आणि हा बदल आजूबाजूच्यांना दिसतो.

आता हिशोब सोपा आहे. ज्याला फक्त डिप्रेशनचे झटके येतात त्याचं डिप्रेशन एकध्रुवीय, युनिपोलर. ज्याला आयुष्यात कधीतरी मॅनिया किंवा हायपोमॅनियाही येऊन गेलाय त्याचं बायपोलर. मॅनिया येऊन गेला असेल तर पहिला प्रकार; नुसता हायपोमॅनिया आणि जोडीला डिप्रेशन असेल तर दुसरा.

कागदावर सोपं आहे हो. गोची अशी, की माणूस खाली असताना हे दोन्ही आजार जवळजवळ सारखे दिसतात. तेच अंथरुणाला खिळणं, तेच 'माझ्याने काही होणार नाही', तेच मरणाचे विचार. फरक सांगेल अशी रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही. थायरॉइड वगैरे तपासतात ते दुसरं काही कारण नाही ना हे बघायला. कार्ल लिओनहार्ड या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १९५७ मधे हे दोन आजार वेगळे मांडले. १९६६ मधे झुरिचच्या ज्यूल्स आंग्स्टने आणि स्वीडनच्या कार्लो पेरिसने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, रुग्णांचे आणि त्यांच्या नातेवाईकांचे इतिहास तपासून तेच सांगितलं. म्हणजे ही विभागणी मुळात इतिहास विचारूनच उभी राहिली, आणि आजही निदान तसंच होतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर क्रॅश दोन्हीकडे सेम आहे, फरक मागच्या लॉगमधे आहे. आणि लॉग डॉक्टरांकडे नसतो. तो घरच्यांकडे असतो.

आता आमच्या दादाबद्दल.

दादा म्हणजे माझ्या मोठेबाबांचा मुलगा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या पाण्यावर दोन वेळा धान घेणाऱ्या पट्ट्यात, आमचं गाव आहे. तिथे त्याचं कृषी केंद्र आहे. खत, बियाणं, औषधं. या धंद्याचा वर्षाचा जीव रोवणीच्या महिना-दीड महिन्यात असतो. युरियाला रांग लागते, निम्मा माल उधारीवर जातो, आणि धान विकला गेला की वसुली होते. त्या काळात दुकान बंद ठेवणं म्हणजे आपल्याकडे रिलीजच्या आठवड्यात टीम लीडने फोन बंद करण्यासारखं.

२०१४ च्या रोवणीला दादाने नेमकं तेच केलं. चोवीस वर्षांचा होता. अडीच महिने चौदा-चौदा तास झोपायचा, उठला की खात सुटायचा, अंगात शिसं ओतल्यासारखं जड वाटतं म्हणायचा. गावाने आपापल्या परीने निदान केलं. कोणी म्हणालं आळस, कोणी म्हणालं लग्न करून द्या, कोणी झाडफूक करणाऱ्याकडे घेऊन गेलं. दसऱ्याच्या सुमारास तो एका आठवड्यात आपोआप उठला, आणि झाडफूक करणाऱ्याला आयतं श्रेय मिळालं.

मग दिवाळी आली, आणि दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई असते. ज्यांना झाडीपट्टी माहीत नाही त्यांच्यासाठी: भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या भागात धान कापणीच्या हंगामात गावोगावी मंडई भरते आणि रात्री नाटक असतं. वडसा हे या नाटक कंपन्यांचं माहेरघर. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं, अख्खं गाव घोंगड्या घेऊन बसतं. त्या वर्षी दादाने आमच्या गावचं नाटक एकट्याच्या अंगावर घेतलं. कंपनी ठरवली, तिकिटं छापली, शेजारच्या चार गावांत जीपवर भोंगा लावून फिरला. पंधरा दिवस तो रात्री दोन-तीन तास झोपत असेल. पण मंडईच्या दिवसांत झोपतो कोण? सगळं गावच जागं असल्यामुळे त्याचं जागणं कुणाच्या डोळ्यावर आलं नाही. उलट, 'पोरगा कसा कामाला लागला बघा' म्हणून मोठेबाबांची कॉलर ताठ!

२०१७ मधे पुन्हा तेच. या वेळी एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी डिप्रेशन सांगितलं आणि अँटीडिप्रेसंट गोळी सुरू केली. तीन आठवड्यांत दादा उठला, आणि नुसता उठला नाही तर सुटला. कर्ज काढून जुनी बोलेरो घेतली, मागेल त्याला उधारी दिली, रात्री दोन वाजता मला फोन करून राईस मिल टाकायची योजना सांगितली. बरं वाटलं म्हणून गोळी स्वतःच बंद केली. दोन महिन्यांनी आपटला. २०१९ मधे तिसऱ्यांदा, दुसरी गोळी. या वेळी तर तो खालीही होता आणि आतून तापलेलाही: झोप नाही, चिडचिड, येरझाऱ्या, आणि डोळ्यात पाणी. २०२१ मधे सगळ्यात वाईट. वहिनींनी त्या उन्हाळ्यात दुकानातल्या कीटकनाशकांच्या कपाटाला दुसरं कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्राला अडकवली. मला वाटतं, या सगळ्या वर्षांत कुणीही केलेला सगळ्यात शहाणपणाचा उपचार तो होता. हातासरशी विष नसणं हे जीव वाचवतं. आत्महत्या रोखण्याच्या अभ्यासातली ही पक्की गोष्ट आहे.

सुरुवातीच्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. त्यांच्यासमोर खाली मान घालून बसलेला माणूस होता, आणि बरोबरच्यांनी सांगितलं, "झोपून राहते, बोलत नाही." जेवढं सांगितलं तेवढ्यावर त्यांचं उत्तर बरोबरच होतं. असं जगभर होतं. बायपोलर असलेल्या लोकांची अमेरिकेतली एक पाहणी २००३ मधे प्रसिद्ध झाली. तिच्यात १०० पैकी ६९ जणांना आधी दुसरंच निदान मिळालं होतं, आणि त्यात सगळ्यात जास्त वेळा आलेलं निदान होतं युनिपोलर डिप्रेशन. एक तृतीयांशाहून जास्त लोकांना खरं निदान मिळायला दहा वर्षं किंवा त्याहून अधिक लागली. याचं कारणही मोजलेलं आहे. लुईस जड आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या कित्येक वर्षांच्या आठवड्या-आठवड्याच्या नोंदी ठेवल्या. दुसऱ्या प्रकारच्या बायपोलरमधे माणूस साधारण निम्मे आठवडे डिप्रेशनमधे होता, आणि हायपोमॅनियात? सुमारे १ टक्का आठवडे! आणि त्या १ टक्क्यात कोण कशाला डॉक्टरकडे जाईल? तेव्हा तर त्याला आयुष्यात पहिल्यांदा मस्त वाटत असतं.

२०२२ मधे दादाला नागपूरला एका मनोविकारतज्ज्ञांकडे न्यायचं ठरलं. फोनवर वेळ देतानाच त्यांनी सांगितलं होतं, की पहिल्यापासूनची हकिकत लिहून आणा आणि घरातलं जवळचं माणूस बरोबर आणा. मी पुण्याहून गेलो. आदल्या रात्री मी, वहिनी आणि मोठी आई बसलो, आणि मी सवयीने एक्सेल उघडलं. एक ओळ म्हणजे एक महिना, जानेवारी २०१४ पासून. मूडचा कॉलम मी मुद्दाम ठेवला नाही, कारण मूड कुणाला आठवत नाही. कॉलम तीनच: झोप, पैसा, बोलणं.

माहिती कुठून आणायची? बँकेचं पासबुक, मंडईची जुनी पत्रकं, फोनमधले फोटो. आणि सगळ्यात भारी निघाली उधारीची वही. काही महिन्यांत पानंच्या पानं कोरी. काही महिन्यांत ओळीत मावेना एवढं मोठं अक्षर, समासात राईस मिलचे नकाशे, शेतकऱ्यांच्या नावापुढे रकमा आणि त्यापुढे 'सवडीने द्या'. आठ वर्षांचा लॉग दुकानाच्या फळीवर पडून होता.

सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी शीट बघितलं आणि वहिनींना विचारलं, "कमी झोपूनही थकवा नाही, नेहमीपेक्षा जास्त बोलणं, जास्त खर्च, असे दिवस यांनी कधी काढलेत का? हे इथे दिसतायत तसे?"

वहिनी म्हणाल्या, "हो जी. पण ते तं चांगले दिवस होते."

माझ्या मते हा अख्खा आजार त्या एका वाक्यात आहे. आपण डॉक्टरला दुःख सांगायला जातो, सुख कशाला सांगू? आणि आमच्या भागात तर त्या दिवसांची गावभर तारीफ झालेली. मेहनती, दिलदार, मंडईचा हिरो. जे कौतुक म्हणून साठवलंय ते लक्षण म्हणून आठवत नाही. मग मोठी आई हळूच म्हणाली, "याचे आजोबा बी असेच होते. एकदा बैलजोडी दान करून आले अन् मंग चार महिने ओसरीवर पडून राहिले." आजोबांची ही गोष्ट आम्ही नातवंडांनी लहानपणी 'देवमाणूस' म्हणून ऐकलेली आहे. डॉक्टरांनी ती शांतपणे लिहून घेतली.

डिप्रेशनमागे बायपोलर दडलंय का, याचे काही इशारे असतात. २००८ मधे फिलिप मिचेल आणि सहकाऱ्यांनी ते एकत्र मांडले. त्यातला एकही पुरावा नाही, पण जेवढे जास्त जुळतील तेवढी शंका वाढते. पहिला झटका लवकर, साधारण पंचविशीच्या आत. झटके पुन्हा पुन्हा. झोप उडण्याऐवजी खूप झोप, भूक मरण्याऐवजी खूप खाणं, अंग शिशासारखं जड. डिप्रेशनमधे भ्रम किंवा भास. घरात कुणाला बायपोलर. याशिवाय डॉक्टर हेही बघतात, की अँटीडिप्रेसंट घेतल्यावर माणूस नॉर्मलच्याही वर गेला का, किंवा एकामागून एक गोळ्या निकामी ठरल्या का, किंवा बाळंतपणानंतर लगेच हे सुरू झालं का. दादाच्या बाबतीत किती टिक लागल्या ते वर वाचून तुम्हीच मोजा.

आता कुणी म्हणेल, नाव काहीही द्या, औषध तर डिप्रेशनचंच ना? नाही! इथेच सगळं अडतं. युनिपोलर डिप्रेशनमधे अँटीडिप्रेसंट आणि बोलण्याचे उपचार (उदाहरणार्थ विचार-वर्तन पद्धतीची थेरपी) हेच मुख्य आधार आहेत, आणि ते चांगलं काम करतात. बरं वाटल्यावरही गोळी साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवतात, आणि मग डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. बायपोलरमधे मात्र पाया मूड स्टॅबिलायझरचा. नुसतं अँटीडिप्रेसंट दिलं तर काही जणांचा पारा वर उडू शकतो. आणि स्टॅबिलायझर चालू असताना वरून अँटीडिप्रेसंट दिलं तर? २००७ मधे 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधे गॅरी सॅक्स यांचा अभ्यास आला, ३६६ रुग्णांचा. टिकाऊ सुधारणा अँटीडिप्रेसंट घेणाऱ्यांत २३.५ टक्के, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत २७.३ टक्के. म्हणजे स्टॅबिलायझरच्या छत्राखाली पारा विशेष उडला नाही, पण फायदाही दिसला नाही. बायपोलरच्या डिप्रेशनसाठी म्हणून क्वेटियापिनसारखी वेगळी औषधं वापरतात. लॅमोट्रिजिन हे आणखी एक, पण त्याचा डोस फार सावकाश वाढवावा लागतो, कारण क्वचित अंगावर येणारं पुरळ जीवघेणं ठरू शकतं. व्हॅल्प्रोएट हेही स्टॅबिलायझर आहे, पण गर्भातल्या बाळाला त्याचा गंभीर धोका असल्याने तरुण मुलींना ते शक्यतो देत नाहीत. लग्न ठरलंय, मूल हवंय, तर हे डॉक्टरांना आधी सांगायचं.

आणि या सगळ्यांचा आजोबा म्हणजे लिथियम. होय, तुमच्या मोबाईलच्या बॅटरीतलाच. १९४९ मधे ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरने त्याचा उन्मादावरचा उपयोग पहिल्यांदा नीट लिहिला. अमेरिकेत मान्यता मिळायला १९७० उजाडलं. एवढं जुनं आणि स्वस्त असूनही झटके टाळण्यात ते आजही पहिल्या फळीत आहे, आणि आत्महत्येचा धोका कमी करण्याचा त्याच्याइतका पुरावा दुसऱ्या फार थोड्या औषधांकडे आहे.

दादाला लिथियम सुरू झालं, आणि तिथे गोंदियाचा उन्हाळा मधे आला. लिथियमचा उपयोगी डोस आणि विषारी डोस यांतलं अंतर कमी असतं. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते ०.८, फार तर १, या पट्ट्यात ठेवतात. दीडच्या वर गेली की धोका. ती मोजायला आधीच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं. किडनी लिथियमला मिठासारखं वागवते. घामाने पाणी आणि मीठ गेलं, की किडनी मीठ धरून ठेवते आणि त्याबरोबर लिथियमही. आता नवतपा डोळ्यासमोर आणा. पारा ४४-४५ ला, दुकानावर टीनाचं छप्पर, किंवा दिवसभर बांधीत. पाणी कमी पडलं, हगवण लागली, की पातळी चढते. दुसरा शत्रू म्हणजे अंगदुखीची गोळी. रोवणीच्या दिवसांत कंबरदुखीवर मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेणं हे आमच्याकडे चहाइतकं सहज आहे, आणि या गोळ्या लिथियमची पातळी वाढवतात. ब्लडप्रेशरची काही औषधंसुद्धा. म्हणून दादाच्या दुकानाच्या भिंतीवर, देवाच्या फोटोशेजारी, मी छापून दिलेला एक कागद आहे: पाणी भरपूर, मीठ एकदम बंद करायचं नाही, दुखलं तर डॉक्टरला विचारून पॅरासिटॅमॉल, हात जोरात थरथरले, उलट्या झाल्या, तोल जायला लागला किंवा जीभ जड झाली तर गोळी थांबवून थेट दवाखाना. शिवाय दर काही महिन्यांनी लिथियमबरोबर किडनी आणि थायरॉइडची तपासणी.

हे सगळं पुण्या-मुंबईत सोपं आहे. अर्जुनीहून आधी गोंदिया, तिथून नागपूर, एक दिवस मोडतो. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासून आहे, पण त्याचं नाव घेतलं तरी गावात लग्नं मोडतात. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालंय, त्यामुळे जिल्ह्याच्या बाहेर पडायची गरज थोडी कमी झाली. आणि ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही फुकट हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलरच्या १०० पैकी ७० आणि डिप्रेशनच्या १०० पैकी ८५ लोकांपर्यंत उपचारच पोचले नव्हते. आपण इथे कुठलं डिप्रेशन यावर चर्चा करतोय, पण बहुतेकांची गाडी अजून पहिल्या स्टेशनवरच यायची आहे.

दादा कसा आहे? पिक्चरसारखा बरा झालेला नाही. २०२३ मधे एक छोटा झटका येऊन गेला, पण तो दोन आठवड्यांत पकडला गेला आणि दुकान उघडं राहिलं. बोलेरो विकली. राईस मिलचं नाव तो आता हसत काढतो. त्याला जड जाते ती एकच गोष्ट: मंडई. झोप मोडली की पारा चढतो, त्यामुळे तो वर्गणी देतो, नटांना घरी जेवायला बोलावतो, आणि नाटकाची घंटा व्हायच्या आधी घरी येऊन झोपतो. मैदानावरच्या भोंग्याचा आवाज रात्रभर घरात येतो. एकदा मला म्हणाला, "गोळीनं मी पडत नाही हे खरं आहे रे. पण ते दिवस... तसं मले पुन्हा कधीच नाही वाटलं." यावर तोंडदेखलं काही बोलावं असं मला वाटलं नाही. त्याने खरंच काहीतरी मोजलंय या बदल्यात. उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर वहिनी आता रोज झोपेचे तास लिहितात. बहुतेक दिवशी सात असतात.

तर मंडळी, हे वाचून कुणीही स्वतःच्या किंवा घरच्यांच्या गोळ्या बंद करू नका, बदलू नका. डिप्रेशनच्या गोळ्या घेणारे बहुतेक लोक युनिपोलरच असतात आणि त्यांना त्याच गोळ्या हव्या असतात. फक्त एक करा. घरात कुणाला डिप्रेशन वारंवार येत असेल, तर पुढच्या भेटीआधी एक तास काढा. चहा करा, घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला शेजारी बसवा, आणि वाईट दिवसांबद्दल नाही, उलट विचारा: याचे सगळ्यात भारी दिवस कोणते होते? तेव्हा झोपायचा किती, खर्च किती केला, बोलायचा किती? जे निघेल ते महिना आणि वर्ष घालून लिहा आणि डॉक्टरांच्या हातात द्या. अर्थ ते लावतील. पण ती पानं आपल्याशिवाय दुसरं कोणीच भरून देऊ शकत नाही.